आधी पिठाचा डबा, मग आइसलँड

“काय हो, तुम्ही म्हणे आइसलँडला चाललात? तिथं बघायचं काय, बर्फच ना नुसता?”

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला मंडईत, बँकेत, हळदीकुंकवाला, इतकंच काय पण दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं ठेवून बसले असतानाही विचारून झाला आहे. सिंगापूर म्हटलं की कुणी काही विचारत नाही. स्वित्झर्लंड म्हटलं तर “वा वा, मजा आहे!” म्हणतात. आइसलँड म्हटलं की मात्र समोरची बाई आधी माझ्याकडे बघते नि मग ह्यांच्याकडे बघते, बिचाऱ्यांच्या नशिबी काय आलं, अशा नजरेनं.

म्हणून ठरवलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. आम्ही अजून गेलेलो नाही, बरं का! जाऊन आल्यावर लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत. मी लिहिते आहे ते निघण्याआधीचं. कारण आपल्यासारखीची सहल विमानतळावर सुरू होत नाही, ती स्वयंपाकघरात सुरू होते आणि पुष्कळदा तिथंच संपते. माझीही संपलीच होती.

हे आइसलँड माझ्या डोक्यात आलं कुठून? तर माझ्या आईच्या पाककृतींच्या वहीतून. आई गेल्यावर तिची ती तेलकट पानांची वही माझ्याकडे आली. लिंबाचं गोड लोणचं आणि नारळाच्या वड्या यांच्या मधल्या पानावर खळीनं चिकटवलेलं एक कात्रण आहे. त्यात एका हसऱ्या, आखूड केसांच्या बाईचा फोटो आहे. व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर त्यांचं नाव. १९८० साली आइसलँडच्या लोकांनी त्यांना मतं देऊन राष्ट्राध्यक्ष केलं. देशाच्या राष्ट्राध्यक्षपदी मतदारांनी थेट निवडून दिलेली जगातली ही पहिली बाई. घटस्फोट झालेला, दत्तक घेतलेल्या मुलीला एकटीनं वाढवत होत्या, आणि पुढं सलग सोळा वर्षं, १९९६ पर्यंत, त्याच त्या पदावर राहिल्या.

माझी आई आयुष्यात एकदा पंढरपूरला नि एकदा काशीला गेली. बाकी सारा जन्म चुलीपुढं, मग स्टोव्हपुढं, मग गॅसपुढं. तिनं हे कात्रण का कापून ठेवलं असेल? आणि तेही वडील उघडण्याची शक्यता नाही अशा वहीत? ती असताना मी वही शंभरदा पाहिली, वड्यांचं प्रमाण शंभरदा उतरवून घेतलं, पण विचारायचं कधी सुचलं नाही.

त्या बाईंबद्दल वाचता वाचता मला आणखी एक गोष्ट कळली. २४ ऑक्टोबर १९७५ या दिवशी आइसलँडमधल्या दहातल्या नऊ बायकांनी काम बंद ठेवलं होतं. कचेरीतलं, कारखान्यातलं, शाळेतलं तर खरंच, पण घरातलंसुद्धा! संप म्हटलं तर काहीजणी बिचकतील, म्हणून त्याला नाव दिलं ‘बायकांची सुट्टी’. राजधानी रेक्याविकमध्ये पंचवीसेक हजार बायका चौकात जमल्या, आणि तेव्हा साऱ्या देशाची वस्ती जेमतेम सव्वादोन लाख होती. पुरुष मुलांना घेऊन कचेरीत गेले. पटकन शिजणारी सॉसेजं म्हणे दुकानांतून संपली, कारण बहुतेकांना तेवढंच करता येत होतं. २०२३ साली त्याच तारखेला बायकांनी पुन्हा अशी दिवसभराची सुट्टी घेतली, आणि त्यात त्या वेळच्या पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिरही सामील झाल्या.

हे वाचून मी ह्यांना म्हटलं, “आपण जायचं तर इथं जाऊ या.”

हे वर्तमानपत्रातून डोकं बाहेर न काढता म्हणाले, “जाऊ या की.” आमच्याकडे याचा अर्थ “बघू” असा होतो. पण मी त्याचा शब्दशः अर्थ घेतला.

पैशांचं आधी सांगते. मी पंचवीस वर्षं शिकवण्या घेतल्या. त्यातले घरात गेले ते गेले, उरलेले पोस्टात. आठ रात्रींसाठी विमान, राहणं, बसच्या सहली, व्हिसा नि विमा धरून माणशी पावणेतीन लाखांच्या घरात हिशेब गेला. रक्कम डोळे फिरवणारी आहे, खोटं कशाला बोलू? तिथला क्रोना आपल्या रुपयापेक्षा थोडा स्वस्तच आहे, पण त्यानं हुरळून जाऊ नये. साध्या सूपच्या वाडग्यालाही दोन-अडीच हजार क्रोना पडतात. पुण्याच्या वन्संना फोनवर सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “तेवढ्यात चारधाम होऊन वर काशी झाली असती.” थोडं थांबून पुढं म्हणाल्या, “आणि आइसलँडला बर्फ कमी नि ग्रीनलँडला जास्त, एवढं तरी ठाऊक आहे ना?”

वन्सं भूगोलाच्या शिक्षिका. लग्न केलं नाही, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा घर त्यांच्या हातात होतं. तिसऱ्याच दिवशी माझी पोळी परातीत धरून त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, “तुझ्या आईनं तुला पोळ्या शिकवल्या नाहीत का गं?” गोष्ट एवढीशीच. पण मला बोलल्या असत्या तर एक वेळ विसरले असते, आईचं नाव घेतलं ते चौतीस वर्षांत विसरता आलेलं नाही. तेव्हापासून आमचं सगळं “बरं आहे ना?” “बरं आहे” एवढ्यावर चाललेलं.

पण बर्फाचं त्यांचं म्हणणं खरं निघालं. आइसलँडचा दहावा हिस्साच काय तो हिमनद्यांखाली आहे. हा देश आकारानं महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आणि वस्ती चार लाखांच्या आतबाहेर. समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळं हिवाळ्यातही रेक्याविकमध्ये पारा शून्याच्या आसपास असतो. थंडीपेक्षा त्रास वाऱ्याचा. वाऱ्यानं मोटारीचं दार उलटं वळून निखळतं, म्हणून दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं. छत्री मुळीच न्यायची नाही.

मग जायचं कधी? जूनमध्ये गेलं तर मध्यरात्रीसुद्धा उजेड असतो आणि डिसेंबरात चारच तास दिवस. नॉर्दर्न लाइट्स म्हणून आकाशात जे हिरवे पडदे हलतात, ते अंधाऱ्या रात्रीच दिसायचे, म्हणजे सप्टेंबर ते मार्च. तेही ढग नसले तर. सप्टेंबरअखेर दिवस-रात्र सारखी, रस्ते मोकळे, गर्दी ओसरलेली. तिकडचं पंचांग असं जमलं, पण इकडचं? गौरी-गणपती सोडून कुठली बाई जाईल? नवरात्रात घट असतात. उरला मधला पितृपक्ष. त्यात मामंजींची तिथी अष्टमीची. गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, सर्वपित्रीला केलं तरी चालतं. अशा रीतीनं आमच्या सहलीचा मुहूर्त पितृपक्षात लागला! शेजारच्या वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला.

बंगळूरच्या मुलानं तिकिटं काढून दिली, मुंबईहून फ्रँकफर्ट आणि तिथून केफ्लाविक. आपल्याकडून थेट विमान नाही. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या पुष्कळशा देशांना मिळून एकच असतो तो. त्यासाठी तीस हजार युरोंचा तरी प्रवासविमा लागतो, बँकेचे उतारे लागतात, आणि अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो. शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नये.

त्या अर्जाच्या दुसऱ्याच रकान्याशी मी अडले. ‘जन्माच्या वेळचं आडनाव.’ चौतीस वर्षांत हे कुणी मला विचारलं नव्हतं. माझं तर नावही लग्नात बदललेलं, मधलं नाव ह्यांचं, आडनाव ह्यांचं. माहेरचं आडनाव लिहिताना स्पेलिंग कसं करायचे तेच आठवेना. जुना शाळेचा दाखला काढून बघावा लागला. आणि गंमत म्हणजे ज्या देशात जायचं तिथं बाई लग्नानंतर नाव बदलतच नाही. आडनाव असा प्रकारच फारसा नाही. वडिलांच्या नावापुढं मुलाला ‘सोन’ आणि मुलीला ‘दोत्तिर’ लावायचं, म्हणजे अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी. पंतप्रधानांनासुद्धा पहिल्या नावानंच हाक मारतात.

असं सगळं हौसेनं चाललं होतं. आषाढात एका सकाळी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या.

वय शहाऐंशी. नशीब, खुबा वाचला. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर. नऊवारी नेसवणं, वेणी घालणं, भरवणं, सगळंच आलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघेल, पण हाताला जोर यायला वेळ लागेल आणि आता रात्री एकटं उठू द्यायचं नाही. त्याच संध्याकाळी वन्संचा फोन आला. आईची चौकशी झाली. मग म्हणाल्या, “आता तुमचं जाणं रद्दच असेल.”

“हो, रद्दच,” मी म्हटलं.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला कुणीही “रद्द कर” म्हटलं नव्हतं. सासूबाई बोलल्या नव्हत्या, हे बोलले नव्हते. मीच आधी म्हणून मोकळी झाले. इतकं सहज तोंडातून गेलं, की जणू गेले सहा महिने मी तेवढ्याचीच वाट बघत होते. फोन ठेवला नि मग राग आला. कुणाचा, ते कळेना. रात्री आईची वही फडताळात सगळ्यात वर, पुरणयंत्राच्या मागं टाकली. आवाज जरा जास्तच झाला असावा, कारण हे बाहेरून म्हणाले, “काय पडलं?”

“काही नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिताना, हे म्हणाले, “रद्द झालं असं ताईला कुणी सांगितलं?”

“मी.”

“मला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? आईंना टाकून जायचं?”

“दोघांनी कशाला टाकायचं? तू जा. मी राहतो.”

मी हसले. म्हणजे खरोखरच हसू आलं. या माणसाला चहाची पूड कुठल्या डब्यात असते ते ठाऊक नाही. म्हटलं, “तुम्ही त्यांना आंघोळ घालणार का?”

“आंघोळीला बाई ठेवू. बाकीचं मी करीन. आई माझी आहे.”

हे वाक्य ऐकायला चांगलं वाटतं, पण दोन दिवस आमचं त्यावरून भांडण झालं. मी म्हणे, तुमच्याशिवाय जायचं नाही, लोक काय म्हणतील. आणि कंटाळून हे बोलून गेले, “अगं, मला मुळात त्या आइसलँडचं काय होतं? तू म्हणालीस म्हणून मी निघालो होतो.” हे मला लागलं. सहा महिने मी नकाशे दाखवत होते ते कुणाला, असं झालं. पण रात्री पडल्या पडल्या वाटलं, खरं बोलले ते बरंच झालं. मी तरी ह्यांच्याबरोबर जे क्रिकेटचे सामने बघायला बसते ते काय हौसेनं?

आता प्रश्न सोबतीचा. एकटीनं जायची माझी छाती नाही, आणि त्याची लाज वाटावी असंही मला वाटत नाही. ह्यांनी मला न विचारता वन्संना फोन लावला आणि म्हणाले, “ताई, माझ्या जागी तू जा.” पलीकडून काही बोलणंच नाही. तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी वन्संच दारात उभ्या! हातात पिशवी आणि पिशवीत पिवळ्या पडलेल्या पानांचा मोठा नकाशासंग्रह.

आत येऊन आधी आईजवळ बसल्या. मग मला म्हणाल्या, “माझं तिकीट माझ्या पैशांनी. तुमचा एक पैसा नको.” मी म्हटलं, “बरं.” मग त्यांनी नकाशासंग्रह उघडला आणि पुढचे दोन तास त्या बोलत होत्या नि मी ऐकत होते. चौतीस वर्षांत आमचं एवढं बोलणं झालं नसेल.

आइसलँड सगळा बेसाल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड. आपल्याकडं लाव्हा वाहिला त्याला सहा-साडेसहा कोटी वर्षं झाली, तिकडं अजून वाहतो आहे. रेनिसफ्याराच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर दगडाचे षट्कोनी खांब उभे आहेत, तसेच अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीला आहेत. थिंगवेत्लिर म्हणून जागा आहे, तिथं इ. स. ९३० पासून लोकांची सभा भरत असे. तिथंच जमिनीला मोठी भेग आहे. अमेरिकेकडचा भूपट्ट एका बाजूला, युरोपकडचा दुसऱ्या बाजूला, आणि दोघं दर वर्षी साधारण दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढे, एकमेकांपासून लांब जातात. “एकतीस वर्षं मी ही भेग फळ्यावर खडूनं काढली,” वन्सं म्हणाल्या. एवढंच. पुढं काही बोलल्या नाहीत.

मग माझ्याकडं आईच्या वहीचा विषय निघाला. वरच्या फळीवरून ती पुन्हा खाली काढली. वन्संनी कात्रण पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग पानं उलटत राहिल्या. अनारसे, साटोऱ्या, पोळ्यांच्या कणकेबद्दलची एक टीप. म्हणाल्या, “तुझ्या आईचं अक्षर फार छान होतं गं.” मी “हो” म्हटलं आणि चहा टाकायला उठले.

ह्यांच्या तिकिटाचे निम्म्याहून थोडे जास्त पैसे परत आले. एकाच्या नावाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही, हे लक्षात ठेवा. वन्संचं नवं तिकीट महाग पडलं. व्हिसासाठी दोघी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. वन्संच्या अर्जात आडनावाच्या दोन्ही रकान्यांत एकच नाव. माझ्या अर्जाकडं बघून म्हणाल्या, “बघ, मी आधीपासून आइसलँडचीच!” त्यांना विनोद करता येतो हे मला नव्यानंच कळलं.

तेव्हापासून रोज रात्री साडेनऊला फोन. आता कार्यक्रम असा ठरला आहे: गाडी चालवायची नाही, रेक्याविकमध्येच मुक्काम करायचा आणि रोज बसनं जाऊन यायचं. एक दिवस थिंगवेत्लिर, गेयसिर आणि गुल्फॉस. गेयसिर या जागेवरूनच जगातल्या साऱ्या उसळत्या झऱ्यांना इंग्रजीत ‘गीझर’ नाव पडलं. आपल्या न्हाणीघरातल्या गीझरचंही मूळ तेच! तिथला थोरला झरा आता क्वचितच उसळतो, पण शेजारचा स्ट्रोक्कुर दर पाच-दहा मिनिटांनी वीस-तीस मीटर वर उडतो. गुल्फॉस धबधब्याची गोष्ट मला फार आवडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर वीज करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जवळच्या शेतावरची सिग्रिदुर तोमासदोत्तिर नावाची बाई त्याविरुद्ध उभी राहिली. दाद मागायला रेक्याविकपर्यंत पायी गेली, आणि काम सुरू केलंत तर धबधब्यात उडी टाकीन, असं तिनं बजावल्याचं सांगतात. धबधबा राहिला. तिथं तिच्या स्मरणार्थ शिळा आहे, तिथं आम्ही दोघींनी उभं राहून फोटो काढायचा आहे.

दुसरा दिवस दक्षिण किनाऱ्याचा. तिथल्या एका धबधब्याच्या पाठीमागून चालत जाता येतं. रेनिसफ्याराला मात्र समुद्राकडं पाठ करायची नाही, पाण्याजवळही जायचं नाही. शांत दिसणाऱ्या समुद्रातून एकाएकी मोठी लाट येऊन माणसं ओढून नेल्याचे प्रकार तिथं झाले आहेत. ह्यांनी हे मला चारदा वाचून दाखवलं. ज्वालामुखीचंही भय ह्यांनाच. १० नोव्हेंबर २०२३ ला ग्रिंदाविक गाव एका रात्रीत रिकामं करावं लागलं, आणि त्यानंतर त्या भागात पुन्हा पुन्हा लाव्हा बाहेर पडला, हे खरं आहे. तिथून ब्लू लगून हे प्रसिद्ध गरम तळंही जवळच. तेही अधूनमधून बंद ठेवावं लागलं. म्हणून त्याचे पैसे आम्ही आधी भरलेले नाहीत.

गरम पाण्यावरून आमची खरी पंचाईत झाली. तिथं गावोगाव जमिनीतल्या उष्णतेनं तापलेले पोहण्याचे तलाव आहेत आणि सारा गाव संध्याकाळी त्यात डुंबतो. घरंही तशीच ऊब घेतात. हे वाचून गणेशपुरी-वज्रेश्वरीची कुंडं आठवली, मला वाटलं चला, हे तरी आपलं. पण नियम असा, की पाण्यात उतरण्याआधी बायकांच्या सामाईक खोलीत, अंगावर काहीही न ठेवता, साबण लावून आंघोळ करायची! पाण्यात औषध कमी घालतात म्हणून स्वच्छतेचा कटाक्ष. वन्संना हे फोनवर कसं सांगावं, मला कळेना. शेवटी एका दमात वाचून दाखवलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मग वन्सं म्हणाल्या, “आपण पाय बुडवून बसण्याची कुठं सोय असली तर बघू.”

कपड्यांचंही तसंच. त्या वाऱ्यात साडीचं काम नव्हे. आतून थर्मल, वर लोकर, त्यावर वाऱ्या-पावसाचं जॅकेट आणि तशीच विजार. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पहिली पँट घेतली आणि वन्संनी अडुसष्टाव्या! सासूबाई बघून म्हणाल्या, “एनसीसीत भरती झालात का दोघी?”

खाण्याची मात्र चिंता राहिली नाही. राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घेतली आहे. बाहेरून दुधामांसाचे पदार्थ आणण्याबद्दल तिकडचे नियम कडक, म्हणून तुपातले लाडू बाद. भाजणी, मेतकूट, पिठल्याचं कोरडं पीठ आणि दाण्याची चटणी एवढंच नेणार. तिथलं स्कीर म्हणजे जवळजवळ आपला चक्काच; हजार वर्षं ते लोक खात आले आहेत. वेलदोड्याची पूड नि चार केशरकाड्या पुडीत बांधून घेतल्या आहेत, साखर तिथं मिळेल, श्रीखंड करून बघणार. पाणी विकत घ्यायचं नाही, नळाचं गार पाणी उत्तम असतं. गरम नळाला मात्र गंधकाचा वास येतो, त्याचा चहा करू नये. वन्संचा एकच हट्ट होता, डास नसलेला देश बघायचा. तर ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथंही तीन डास सापडले! ही बातमी मी त्यांना अजून सांगितलेली नाही.

आणि घर? त्याचीच तर खरी तयारी. पहिल्या दिवशी हे ओट्यापाशी उभे राहिले नि विचारलं, “ज्वारीचं पीठ कुठलं, गव्हाचं कुठलं?” मी म्हटलं, “डावीकडचं.” “कुणाच्या डावीकडचं?” तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चौतीस वर्षं हे स्वयंपाकघर माझ्या हातांना पाठ आहे, पण दुसऱ्या कुणाला वाचता येईल असं त्यात काहीच नाही. एकसारखे सतरा डबे, एकावरही नाव नाही. मग दोन दुपारी बसून सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. पिठाच्या डब्यापासून सुरुवात केली. मोहरी, मेथी, सासूबाईंच्या गोळ्या सकाळच्या, रात्रीच्या. लावता लावता मला जरा वाईटही वाटलं, ते का, ते नीट सांगता येणार नाही. चिठ्ठ्या लागल्यावर घर कुणालाही चालवता येईलसं दिसायला लागलं.

दूधवाला, गॅस, आंघोळीला येणाऱ्या मावशी, डॉक्टर, सगळ्यांचे फोन फडताळाच्या दारावर लावले. श्राद्ध आता अष्टमीलाच होईल, कारण हे घरीच आहेत. त्या दिवसाच्या स्वयंपाकाला बाई सांगितल्या आहेत. दशम्या नि पोळ्या मावशींकडून. वरण, भात, भाजी, आमटी ह्यांच्याकडे. १९७५ साली तिकडच्या नवऱ्यांनी सॉसेजवर भागवलं, आमच्या घरची सगळी मदार पिठल्यावर. गेले तीन आठवडे शिकवणी चालू आहे. ह्यांना शिकवणं आमच्या नववीच्या मुलांहून कठीण, कारण हे प्रत्येक गोष्टीला वजनमाप विचारतात. “चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम?”

काल व्हिसाचे पासपोर्ट घरी आले. त्या आनंदात ह्यांनी दुपारचा सगळा स्वयंपाक एकट्यानं करायचं ठरवलं. मला नि वन्संना ओट्याकडं फिरकायची बंदी. साडेबाराचं जेवण पावणेदोनला वाढलं. प्लॅस्टर निघालं तरी सासूबाई अजून डाव्या हातानं चमच्यानं जेवतात. त्यांनी आमटीभाताचा पहिला घास घेतला आणि थांबल्या. मी आमटी चाखली. मीठ दोनदा पडलं होतं. हे सगळ्यांच्या तोंडाकडं बघत उभे. सासूबाईंनी तो घास गिळला, दुसरा घेतला, काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “जरा ताक आण.”

मी सवयीनं उठायला लागले, तर डाव्या हातातला चमचा माझ्याकडं रोखून म्हणाल्या, “तू बस. त्याला आणू दे.”

हे आत गेले. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. मग आतून विचारलं, “ताक कुठल्या पातेल्यात आहे गं?”

पातेल्यांना चिठ्ठ्या लावायच्या राहिल्याच होत्या.